रुक्मिणीचे माहेर आणि एक चिठ्ठी



वारकरी बंधुभगिनींनो, आजचे निरूपण आम्ही एका चिठ्ठीपासून आरंभितो. ही चिठ्ठी आमच्या बंडीच्या खिशात तेवीस दिवस होती. तिचे उत्तर आम्ही तेव्हाच द्यावयास हवे होते. दिले नाही, म्हणून हा लेख लिहिण्याची पाळी आली.

माघात अकोल्यास भागवत-सप्ताह होता. सहाव्या दिवशी रुक्मिणीस्वयंवराची कथा. आपणा सर्वांस ठाऊकच आहे की त्या दिवशी मंडपात पाय ठेवावयास जागा नसते. कोणाची लहानगी रुक्मिणी होते, कोणी कृष्ण होतो, अंतरपाट धरतात, अक्षता पडतात, बायामाणसे हौसेने आहेर करतात. चाळीस वर्षे आम्ही ही कथा सांगत आलो. लोक म्हणतात, महाराजांच्या तोंडून रुक्मिणीचे पत्र ऐकावे. आणि आम्हालाही ते ऐकून बरे वाटते. खोटे कशाला बोला?

त्या दिवशी आहेराच्या ताटात खणानारळांच्या खाली वहीच्या कागदाची एक घडी मिळाली. अक्षर शाळेतल्या मुलीचे. मजकूर असा: “महाराज, रुक्मिणीने भावाचे न ऐकता पत्र पाठविले, त्याची तुम्ही कथा करता. मी घरी एवढेच म्हणाले की मला अजून शिकायचे आहे, आत्ता लग्न नको. तर आईने मला तुमच्याच कथेला आणून बसविले, मुलीने नम्र कसे असावे ते ऐक म्हणून. मी काय ऐकू?”

खाली नाव नव्हते.

आम्ही चिठ्ठी वाचली आणि खिशात ठेविली. दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात त्या मुलीसाठी दोन शब्द बोलता आले असते. बोललो काय? तर मुलींनी मर्यादा कशी राखावी! वडीलधारी मंडळी माना डोलावीत होती. ती मुलगी त्या गर्दीत असेल तर तिला काय वाटले असेल, ते पांडुरंगालाच ठाऊक.

असो. अकोल्याहून गाडीने निघालो. मूर्तिजापूर गेले, बडनेरा आले, पण डोळा लागला नाही. अमरावतीस उतरल्यावर घरी न जाता थेट अंबादेवीच्या दर्शनास गेलो, एकवीरेस गेलो. अमरावतीकर सांगतात की श्रीकृष्णाने रुक्मिणीस नेले ते याच अंबादेवीच्या देवळातून. कौंडण्यपूरकर म्हणतात, छे, ते आमच्याच अंबिकेच्या देवळातून. दोन्ही गावांनी आपापला अभिमान खुशाल बाळगावा. मुलगी देवीच्या दर्शनास पायी गेली, एवढे दोघांनाही मान्य आहे. भागवतकारांनी ‘पायी’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. राजाची कन्या, भोवती शस्त्रधारी रक्षक, वाद्ये वाजताहेत, आणि ती मौन धरून, मनात मुकुंदाचे चरण आठवीत पायी चालली आहे. पायी वारी करणाऱ्यास याहून मोठा दाखला कोणता हवा?

मनात आले, जिची कथा सांगून आम्ही पोट भरले तिच्या माहेरी एकदा निवांत जावे. दिंडीबरोबर, उत्सवात, कार्तिकातल्या दहीहंडीला आम्ही कौंडण्यपुरास पुष्कळदा गेलो. पण प्रत्येक वेळी बोलावयास गेलो. ऐकावयास एकदाही गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूर गाठले. वाटेने बोंडे वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, हरभरा घाट्यावर आला होता. गाव तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. टेकडीवर विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर. आमचे गुडघे आता आमचे ऐकत नाहीत. चार पायऱ्या चढावे, थांबावे, पुन्हा चढावे, असे करीत वर पोहोचलो. दर्शन घेतले, आणि काठावर जाऊन बसलो.

त्या टेकडीवरून काय दिसते? खाली वर्धा. संस्कृत ग्रंथांत हिचे नाव वरदा. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावून ती इकडे येते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाच्या दोन चुलत भावांमध्ये राज्य वाटून दिले आहे, आणि मध्ये सीमा धरली आहे ती हीच वरदा. आजही अलीकडे अमरावती जिल्हा आणि पलीकडे वर्धा जिल्हा. दोन हजार वर्षांत राज्यकर्ते किती बदलले, पण सीमा आखावयास प्रत्येकाला हीच नदी सापडली.

आणि अलीकडच्या अंगाला? अलीकडे मातीचे उंचवटे. तेच कुंडिनपूर! विदर्भाची राजधानी, भीष्मक राजाची नगरी. 1962 ते 1964 या काळात पुराणवस्तुसंशोधक डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि 1968 साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काळ्या-तांबड्या रंगाची अतिप्राचीन खापरे, त्यानंतर सातवाहनकाळच्या खुणा, असे थरावर थर निघाले. म्हणजे या ठिकाणी दोन हजार वर्षांहून जुनी वस्ती होती, हे कुदळीनेही सांगितले. बाकी वाडे नाहीत, वेशी नाहीत, हत्तीघोडे नाहीत. पुण्यात पर्वतीवर चढले की खाली पेशव्यांचे शहर अजून गजबजलेले दिसते. येथे टेकडीवर उभे राहिले तर खाली शहर आहे, पण मातीच्या पोटात.

तेथे बसल्या बसल्या आम्ही मनाशी हिशेब मांडला. या विदर्भाच्या राजांपैकी किती जणांची नावे सामान्य माणसाला सांगता येतील? फार तर भीष्मक, आणि तोही रुक्मिणीचा बाप म्हणून. पण या राजघराण्याच्या मुली मात्र घरोघरी ठाऊक आहेत. आणि नवल पाहा, त्या सर्व बोलणाऱ्या मुली होत्या. लोपामुद्रा विदर्भराजाची. अगस्त्यांनी मागणी घातली तेव्हा राजाला देववेना आणि शापाच्या भयाने नाकारवेना; त्या वेळी मुलगीच पुढे येऊन म्हणाली, बाबा, मला ऋषींना द्या, माझ्यासाठी दुःख करू नका. दमयंती याच कुंडिनपूरच्या भीम राजाची. चार देव नळाचे रूप घेऊन बसले असता तिने आपला नळ निवडून काढला. इंदुमतीचे स्वयंवर कालिदासाने ‘रघुवंशा’त वर्णिले आहे, आणि ते मांडले कोणी? तिच्या भावाने! भोज राजाने देशोदेशी दूत पाठविले आणि बहिणीस म्हटले, तू पाहा, तुला रुचेल त्याला माळ घाल. आणि चौथी आपली रुक्मिणीमाता.

तेव्हा सज्जनहो, मुलीने बोलू नये ही रीत विदर्भाने कधी घातली? जुन्या ग्रंथांत तर ती आम्हास सापडत नाही.

असा विचार चालला असता देवळाच्या वाटेवर फुले-तुळशी विकणारी एक म्हातारी शेजारी येऊन टेकली. म्हणाली, “महाराज, औंदा पालखीसंगं जाता काय?”

आम्ही म्हटले, “आजी, गुडघे चालू देत नाहीत.” आणि सहज विचारले, “एवढे मोठे राजाचे शहर होते म्हणतात. काय राहिले हो?”

ती म्हणाली, “शहराचं मले काय मालूम, बाप्पा. पोरगी हाये ना आमची पंढरपुरात! दरसाल तिले साडीचोळी जाते. राजा नाही, वाडा नाही, पन आमी हावोत ना वाट पाहाले. म्हनून तिचं माहेर हाये.”

वाचकहो, आम्ही काशीचे पंडित पाहिले, पाठशाळेत पंचमहाकाव्ये शिकलो, पण माहेर या शब्दाची एवढी चोख व्याख्या आमच्या कानी पडली नव्हती. संत सदाराम महाराजांनी 1594 साली येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस नेली, अशी परंपरा आहे. म्हणजे चारशे वर्षांवर झाली. नगर मातीत गेले, पण लेकीला साडीचोळी नेण्याचे गावाने सोडले नाही. 2021 साली महामारीमुळे वारीवर निर्बंध आले आणि मानाच्या दहाच पालख्यांना बसने जाण्याची परवानगी मिळाली. त्या दहांत ही पालखी होती. चालणे बंद झाले तरी माहेरचे माणूस पोहोचले.

मग म्हातारीने सहजच विचारले, “तुमाले बहीन हाये काय, महाराज?”

“आहे.”

“कोठी?”

आम्ही नदीपलीकडे हात केला. ती म्हणाली, “मंग काय, जवळच हाये. जात असान.”

आम्ही काही बोललो नाही. ती फुलांची टोपली उचलून खाली उतरली.

आता थोडे कथेकडे वळू, कारण जे पुढे सांगावयाचे आहे ते कथेवाचून आमच्या तोंडून निघणार नाही.

भागवताच्या दशम स्कंधात, 52 ते 54 या तीन अध्यायांत रुक्मिणीची कथा आहे. नाथमहाराजांनी शके 1493, म्हणजे 1571 साली, काशीस तिच्यावर 18 प्रसंगांचा ग्रंथ केला. लग्न जमावे म्हणून आपल्याकडे मुलींना त्या पोथीचे पारायण करावयास बसवितात. पण पोथीत काय आहे? भीष्मकाच्या मनात मुलगी श्रीकृष्णास द्यावी असे होते. आप्तांनाही ते मान्य होते. आड आला तो एकटा थोरला भाऊ, रुक्मी. त्याने शिशुपालाशी सोयरीक ठरविली. आणि भीष्मक? भागवत सांगते, तो पुत्रस्नेहाला वश झाला आणि लग्नाच्या तयारीस लागला. बापाला खरे कळत होते. मुलापुढे तो बोलला नाही. तेव्हा मुलीने एका विश्वासू ब्राह्मणाला बोलाविले. मराठी कथेत त्याला सुदेव म्हणतात. सात श्लोकांचा तिचा निरोप घेऊन तो द्वारकेस गेला. त्या निरोपात ती लाजत नाही, रडत नाही. माझे मन कोठे आहे ते सांगते, कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने यावे तेही सांगते, आणि हे न घडल्यास प्राण टाकीन पण दुसरे मान्य करणार नाही, असे बजावते.

आम्ही कथा सांगताना आजवर स्वतःला तो सुदेव समजत आलो. कीर्तनकार म्हणजे जीवाचा निरोप देवाला आणि देवाचा निरोप जीवाला पोहोचविणारा. हे आमचे आवडते वाक्य होते. त्या टेकडीवर, पलीकडचा काठ समोर दिसत असता, आम्हास कळले की या कथेत आमची जागा सुदेवाची नव्हे. आम्ही रुक्मी आहोत.

आमची धाकटी बहीण शाळेत हुशार होती. तिला शिक्षिका व्हावयाचे होते. अमरावतीस राहून शिकते, दोन वर्षे थांबा, असे ती आईस म्हणाली. वडिलांचे मन होते. पण आम्ही नुकतेच पाठशाळेतून आलो होतो, चार श्लोक तोंडात होते. नदीपलीकडचे एक स्थळ आले, घरी मोठी शेती. आम्ही म्हटले, मुलीला विचारावयाचे असते काय? वडील गप्प राहिले. लग्न झाले. पुढे तिचे यजमान अकाली गेले, कपाशी बुडाली, कर्ज झाले. ती शेतात राबली, मुले वाढविली. आम्ही गावोगाव रुक्मिणीचे पत्र रसाळपणे सांगत होतो. आपल्या घरातल्या रुक्मिणीचे पत्र मात्र आम्ही लिहिण्याआधीच मिटविले होते. पहिली काही वर्षे दिवाळीला आणावयास गेलो. आईवडील गेल्यावर तेही सुटले.

येथे कोणी शंका काढील: महाराज, मुलींच्या मनाप्रमाणे चालले तर कुलधर्म कसा राहील? वडीलधाऱ्यांनी मुलीचे हित पाहू नये काय?

शंका योग्य आहे. उत्तर असे. हित अवश्य पाहावे. परंतु हित पाहणे आणि तोंड बंद करणे ही दोन कामे आहेत. आम्ही दुसरे करून पहिल्याचे नाव लाविले. ज्या मनुस्मृतीचा हवाला वडीलधारी देतात, तीच सांगते की मुलगी जन्मभर घरी राहिली तरी चालेल, पण गुणहीनास देऊ नये. म्हणजे अविवाहित मुलगी हा कुळाला कलंक नव्हे, हे तिथेही मान्य आहे. आमची चिठ्ठीवाली मुलगी तर जन्मभर राहते म्हणत नाही. शिकू द्या म्हणते. आणि वारकरी पंथाचे पाहाल, तर मंगळवेढ्याची कान्होपात्रा राजाच्या बोलावण्यास नाही म्हणाली आणि विठ्ठलाच्या पायाशी गेली. पंथाने तिला बंडखोर म्हणून हाकलले नाही, संत म्हणून वंदिले. आमच्याच अमरावती जिल्ह्यातले प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज (1881–1915) एवढे मोठे पंडित, पण स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. लेक होण्यात त्यांना मोठेपणा वाटला. आणि आम्ही लेकीला काय मान दिला?

आणखी एक. रुक्मीचे पुढे काय झाले, हे आम्ही कथेत गाळतो, कारण अक्षता पडल्यावर लोक उठू लागतात. रुक्मी प्रतिज्ञा करून निघाला की कृष्णाला मारून बहिणीस परत आणीन, नाहीतर कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. हरला. कृष्णाने त्याला मारावयास शस्त्र उगारले तेव्हा पाय धरून त्याचे प्राण मागितले कोणी? ज्या बहिणीचे त्याने ऐकले नव्हते, तिने! तो वाचला, पण प्रतिज्ञेमुळे घरी जाता येईना. भोजकट नावाचे वेगळे नगर वसवून राहिला. पाहा, बहिणीचे तोंड बंद करावयास गेला, आणि माहेर तुटले ते त्याचे स्वतःचे. तिचे माहेर आजही पालखीत बसून पंढरीस जाते. मात्र भागवत त्या रुक्मीलाही अगदी टाकून देत नाही. पुढे त्याने बहिणीला बरे वाटावे म्हणून आपली मुलगी तिच्या मुलाला दिली, नात तिच्या नातवाला दिली, असे सांगते. वैर मनात होते तरी बहिणीची आठवण गेली नव्हती. एवढाच आम्हास आधार वाटला.

टेकडी उतरलो. म्हातारीकडून तुळशीचा हार घेतला. रस्त्याने पुढे जाऊन एक पातळ आणि खण घेतला, आणि आर्वीकडच्या बसमध्ये बसून पूल ओलांडला.

बहीण ओसरीवर तूर पाखडीत होती. आता तिचेही केस पांढरे झाले. तिने सूप खाली ठेविले, पाणी दिले. आम्ही पातळ पुढे केले आणि जे चाळीस वर्षांत म्हटले नव्हते ते म्हटले. फार लांबविले नाही. निरूपणाची सवय असलेल्या माणसाने अशा वेळी थोडे बोलावे. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ठेव तिथं खाटेवर.” बराच वेळ कोणीच बोलले नाही. आत तिची नात मोठ्याने पाढे म्हणत होती. एक चुकले तेव्हा बहिणीने इकडूनच दुरुस्त केले.

मग आम्ही तिला अकोल्याच्या चिठ्ठीचे सांगितले. चिठ्ठी तिने हातात घेतली, दोनदा वाचली.

“मंग काय उत्तर देलं तू हिले, भाऊ?”

“अजून काही नाही.”

“मंग आंदी हिले उत्तर दे. माहं राहू दे.”

तिने आम्हास क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. जेवू घातले, एवढे खरे.

तेव्हा हे उत्तर.

बाळ, तू कोण, कोणाची, आम्हास ठाऊक नाही. तुझ्या घरी हे मासिक येत असेल, अशी आशा आहे. तू विचारलेस, मी काय ऐकू? रुक्मिणीच्या कथेत मुलीने गप्प बसावे असे एकही अक्षर नाही. काल्याच्या दिवशी आम्ही जे बोललो ते भागवत नव्हते. तो आमचा भित्रेपणा होता. तू शिकावयाचे म्हणतेस त्यात मर्यादेचा भंग नाही. आईशी भांडू नकोस, पण बोलणे सोडू नकोस. ती तुला कथेला घेऊन आली. तीही कधी तुझ्याएवढी होती, आणि तिला कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे.

तुझ्या आईवडिलांस आमचा दंडवत. आपण आमच्यावर विश्वास ठेवून मुलीस आमच्यापुढे बसविलेत. त्याच विश्वासाने आता आमचे ऐकावे: तिला दोन-चार वर्षे द्या. भीष्मकाला खरे कळत होते आणि तो गप्प राहिला. आपण गप्प राहू नये. आणि घरात बोलणे अवघड होत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर एक ओळ टाकावी. आम्ही येऊ. बिदागी नको, हार नको. या उतारवयात एकदा तरी सुदेवाचे काम करावयास मिळावे, एवढीच इच्छा आहे.

आणि इतर वाचक बंधूंनो, आषाढीस विठ्ठलाच्या पायावर डोके ठेविल्यावर आपण रुक्मिणीमातेच्या राउळी जातो. यंदा तिच्यापुढे उभे राहताना एवढे आठवावे की ही आमच्या वऱ्हाडाची लेक आहे, आणि तिने आपले मन स्वतः सांगितले होते. मग घरी आल्यावर आपल्या मुलीस, बहिणीस, नातीस एकदा जवळ बसवून विचारावे: तुझ्या मनात काय आहे? विचारून झाल्यावर मध्ये बोलू नये.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!